‘हॅरेम’ नावाची लक्षणा : फर सील आणि आपली भाषा

फर सील या प्राण्याला नाव देताना इंग्रजी भाषेने आधी त्याच्या कातडीची किंमत पाहिली. रशियन भाषेने त्याला ‘समुद्री मांजर’ म्हटले. गेऑर्ग श्टेलर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व्हिटस बेरिंगच्या मोहिमेबरोबर गेला होता. जहाज फुटून ही मंडळी १७४१-४२ च्या हिवाळ्यात एका ओसाड बेटावर अडकून पडली, आणि तिथे श्टेलरने या प्राण्याचे पहिले तपशीलवार शास्त्रीय वर्णन लिहिले. त्याला तो ‘समुद्री अस्वल’ वाटला. उत्तर पॅसिफिकमधल्या या जातीच्या लॅटिन नावातले ‘उर्सिनस’ म्हणजे तेच अस्वल. पुढे इंग्रजीत याच्या नराला बैल म्हणू लागले, मादीला गाय, पिल्लाला कुत्र्याचे पिल्लू, आणि त्यांच्या विणीच्या जागेला कावळ्याच्या जातीतल्या रूक पक्ष्यांच्या घरट्यांचे नाव दिले गेले. एका प्राण्याच्या संसारात एवढी जनावरे गोळा झालेली दुसरीकडे क्वचितच आढळतील! आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत, त्यामुळे मराठीला हा शब्द इंग्रजीतूनच घ्यावा लागला आणि घेताना आपण त्याला ‘मासा’ जोडून दिला. हवेत श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा हा प्राणी वर्तमानपत्रांतून कित्येक वर्षे ‘सील मासा’ म्हणून वावरला. अर्थात रशियनांच्या मांजरावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ऑटरला आपणही ‘पाणमांजर’ म्हणतोच.

ही सगळी नावे तशी निरुपद्रवी आहेत. गाय म्हटल्याने सीलची मादी कुणी गोठ्यात शोधत नाही. पण याच शब्दसंग्रहात एक शब्द असा आहे की ज्याच्याकडे भाषेच्या अभ्यासकांनी थांबून पाहायला हवे. तो शब्द म्हणजे ‘हॅरेम’. विणीच्या हंगामात एका नराच्या हद्दीत ज्या माद्या असतात त्या समूहाला प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून दीर्घकाळ हॅरेम म्हटले गेले. दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटांचे मराठी निवेदन करणारे त्याचा ‘जनानखाना’ करतात. जरा संस्कृताळलेले असतील तर ‘अंतःपुर’. मग नर आपोआप ‘राजा’ होतो, ज्यांना हद्द मिळाली नाही ते तरुण नर ‘ब्रह्मचारी’ होतात, आणि बर्फाळ समुद्राच्या काठावर एक बऱ्यापैकी मोगल दरबार उभा राहतो.

काव्यशास्त्राच्या तासाला आपण लक्षणेच्या तीन अटी शिकवतो. मुख्यार्थाचा बाध झाला पाहिजे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असला पाहिजे, आणि त्यामागे रूढी तरी असावी किंवा प्रयोजन तरी. गंगेवरच्या गौळवाड्याचे उदाहरण देऊन आपण पुढे सरकतो. पुढे सारोपा आणि साध्यवसाना हा भेद येतो, तो विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात आणि (खरे सांगायचे तर) पुष्कळदा आपणही परीक्षेपुरताच शिकवतो. सारोपा लक्षणेत ज्याच्यावर आरोप केला तो विषय वाक्यात हजर असतो. साध्यवसानेत विषयाचे निगरण होते. म्हणजे तो अक्षरशः गिळला जातो आणि समोर केवळ आरोपित वस्तू उरते. फर सीलच्या अभ्यासाचा अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचा इतिहास म्हणजे सारोपेची साध्यवसाना कशी होते याचा वस्तुपाठ आहे, असे माझे मत आहे. श्टेलर जेव्हा नराच्या मत्सराविषयी, त्याच्या ‘बायकां’विषयी लिहितो, तेव्हा वाचकाला सील दिसत असतो आणि त्याच्यावर माणसाचा आरोप चालला आहे हेही दिसत असते. विसाव्या शतकातल्या तक्त्यात ‘हॅरेमचा सरासरी आकार’ असा रकाना येतो तेव्हा सील गिळला गेलेला असतो. मुख्यार्थाचा बाध कुणाला जाणवतच नाही. आणि बाध जाणवला नाही की रूपक वर्णन होऊन बसते, वर्णनाचे धोरण होते.

गिळला गेला तो प्राणी प्रत्यक्षात कसा आहे, हे थोडे विस्ताराने पाहू.

फर सील हा कानवाल्या सीलांच्या कुळातला. त्याला बाहेरून दिसणारे छोटे कान असतात आणि मागचे पर पुढे वळवून तो जमिनीवर चारही परांवर चालू शकतो. बिनकानाचे ‘खरे’ सील पोटावर सरपटतात. त्याच्या राठ केसांच्या खाली मऊ लोकरीचा दाट थर असतो. उत्तरेकडच्या फर सीलमध्ये एका चौरस सेंटिमीटरवर ४० हजारांहून अधिक केस असतात आणि पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. ही लोकर त्याचे थंडीपासूनचे चिलखत, आणि तीच त्याच्या गळ्याचा फास झाली. नर आणि मादी यांच्या आकारातला फरक विलक्षण आहे : पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढे, कधी २७० किलोपर्यंत जातो, मादी ४०-५० किलोची. बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलोफ बेटांवर नर मे-जूनमध्ये येतात, खडकाळ किनाऱ्याचा एकेक तुकडा लढून ताब्यात घेतात आणि दीड-दोन महिने अन्नपाण्याशिवाय तिथेच बसून राहतात. बहुतेकांची सद्दी एक-दोन हंगामांतच संपते. तिकडे मादी वीस वर्षांच्या पुढेही जगू शकते.

मादी जून-जुलैत येते. आल्यापासून एक-दोन दिवसांत तिला पिल्लू होते. त्यानंतर आठवड्याच्या आत तिचे मीलन होते आणि ती समुद्रात निघून जाते. इथे शरीराने एक अजब हिशेब मांडला आहे. फलित बीज लगेच गर्भाशयात रुजत नाही. ते सुमारे चार महिने नुसते थांबून राहते आणि हिवाळ्याच्या तोंडावर रुजते. त्यामुळे पुढचे बाळंतपण नेमके पुढच्या उन्हाळ्यात, त्याच किनाऱ्यावर येते. दरम्यान ती समुद्रात आठवडाभर किंवा अधिक काळ मासे आणि माखळ्या मारते, किनाऱ्यावर येऊन एक-दोन दिवस पिल्लाला पाजते, पुन्हा जाते. तिच्या दुधात चाळीस टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो. एवढे घट्ट दूध असल्याशिवाय पिल्लाचे आठवड्याचे उपास निभणारच नाहीत. चार महिने हे चालते. मग पिल्लू एके दिवशी समुद्रात उतरते. पोहायचे कुठे, खायचे काय, हे शिकवायला आई बरोबर नसते. बहुतेक पिल्ले त्यानंतर पावणेदोन वर्षे जमिनीला पर लावत नाहीत.

वर्षाचे सात-आठ महिने मादीही अशीच सलग पाण्यात असते. पाण्यात झोपताना तिच्या मेंदूचा एकच गोलार्ध झोपतो. ती कुशीवर तरंगते, एक पर पाण्यात हलत राहतो आणि बाकीचे तीन ऊब राखण्यासाठी पाण्याबाहेर धरलेले असतात. ओलेग ल्यामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की आपण जिला स्वप्नांची झोप म्हणतो ती अवस्था समुद्रात असताना फर सीलमध्ये जवळजवळ नाहीशी होते. जमिनीवर आल्यावर ती परत येते.

आता या मादीला अंतःपुरात बसवून पाहा. अंतःपुराला भिंत असते; आतली स्त्री बाहेर जात नाही, हाच त्या संस्थेचा अर्थ. इथे मात्र जागेवरून न हलणारा, उपाशी बसलेला प्राणी नर आहे, आणि शेकडो किलोमीटरच्या समुद्रात ये-जा करणारी मादी आहे. दोन महिने कोंडून कोण असते, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

रूपकाला काहीच आधार नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे उलट बाजूने तोच भोळेपणा होईल. उत्तरेकडचा नर माद्यांना अडवतो, दात लावतो, कधी मानगुटीला धरून मागे फेकतो. त्यात माद्या जखमीही होतात. लक्षणेची दुसरी अट, मुख्यार्थाशी संबंध, इथे पुरी होते. पण मीलनाचा काळ संपला की त्याला तिला रोखता येत नाही, आणि तो अडवतो ते एका जागेच्या सीमेवर. रॉजर जेंट्री यांनी प्रिबिलोफमधल्या सेंट जॉर्ज बेटावर दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले पुस्तक १९९८ मध्ये आले. त्यातून दिसते ते असे : नर जागा धरतो, माद्या आपल्या ओळखीच्या जागी, इतर माद्यांच्या गर्दीला खेचल्यासारख्या येतात, ती जागा कुणाच्या हद्दीत पडते हे नराच्या लढाईवर ठरते. म्हणजे राजाने राण्या जमवल्या नाहीत. बाजार जिथे भरतो तिथे त्याने आपली ओटी राखून ठेवली, इतकेच.

शब्दाने काही बिघडते का, असे विचारणारे सहकारी मला भेटतात. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. प्रिबिलोफ बेटे रशियन व्यापाऱ्यांना १७८६-८७ मध्ये सापडली आणि कातडी काढण्याच्या कामासाठी अल्यूशियन बेटांवरच्या उनंगन लोकांना तिथे नेण्यात आले. १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेकडे आला. १८७० मध्ये अमेरिकी सरकारने अलास्का कमर्शियल कंपनीला वीस वर्षांचा मक्ता दिला, वर्षाला एक लाख सील मारण्याच्या परवानगीसह. मारायचे कोणते? ‘ब्रह्मचारी’. युक्तिवाद सरळ होता. एका राजाला अनेक राण्या पुरतात, तेव्हा उरलेले तरुण नर फाजील आहेत. ते काढून घेतले तर राज्याला धक्का लागत नाही. कत्तल लोभानेच केली, शब्दाने नव्हे. परंतु लोभाला लागणारा तर्क शब्दाने पुरवला. ‘फाजील नर’ ही कल्पना दरबाराच्या चित्राशिवाय इतकी सहज सुचली नसती.

मोठा संहार मात्र वेगळ्याच वाटेने आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजांवरून भर समुद्रात सील मारणे सुरू झाले, आणि समुद्रात गाठ पडे ती बहुतेक माद्यांशी, चाऱ्यासाठी निघालेल्या लेकुरवाळ्यांशी. तिकडे आई मेली की इकडे किनाऱ्यावर पिल्लू उपासाने मरे, आणि पोटात थांबलेला पुढचा जीवही गेलेला असे. अमेरिका आणि ब्रिटन यांचा या प्रश्नावरचा तंटा पॅरिसच्या लवादापुढे गेला. सील आमच्या बेटांवर परत येतात, म्हणून समुद्रातही ते आमची मालमत्ता, असे अमेरिकेचे म्हणणे होते. पाळीव जनावराचे रूपक आता कायद्याच्या भाषेत बोलू लागले होते. ऑगस्ट १८९३ मध्ये लवादाने हा दावा फेटाळला, पण बेटांभोवती साठ मैलांच्या पट्ट्यात शिकारीला बंदी घातली. बंदी फारशी उपयोगी पडली नाही, कारण पाजणाऱ्या माद्या चाऱ्यासाठी साठ मैलांच्या पुष्कळ पलीकडे जातात. १९११ मध्ये अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांच्या करारानंतर समुद्रातली कत्तल थांबली.

ज्या महिन्यात पॅरिसचा निवाडा आला त्याच महिन्यात, ऑगस्ट १८९३ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची ‘द व्हाइट सील’ ही कथा ‘नॅशनल रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी ती ‘द जंगल बुक’मध्ये आली. मोगली आणि रिकी-टिकी यांच्या गर्दीत ही कथा आपल्याकडे फारशी वाचली जात नाही. सेंट पॉल बेटावर जन्मलेला पांढरा सील कोटिक आपल्या सोबत्यांची कत्तल पाहतो आणि माणूस पोचणार नाही असा किनारा शोधत वर्षानुवर्षे भटकतो. तपशील किपलिंगने मुख्यतः हेन्री वुड एलियट या चित्रकार-निरीक्षकाच्या लेखनातून उचलले. एलियट १८७२ मध्ये सरकारी कामावर तिथे गेला. सुरुवातीला ब्रह्मचाऱ्यांच्या कत्तलीने हानी होत नाही असे मानणारा हा माणूस पुढे १८९० मध्ये रोडावलेले किनारे पाहून सील वाचवण्याच्या चळवळीत उतरला. किपलिंगच्या कथेत नावे आहेत ती रशियन शिकाऱ्यांच्या बोलीतली : बाप ‘सी कॅच’, आई ‘मात्का’, तरुण नर ‘होलुशिकी’ म्हणजे पुन्हा ब्रह्मचारीच. गंमत म्हणजे ‘कोटिक’ हे विशेषनाम नाहीच. रशियनमध्ये तो त्या प्राण्याचा सामान्य शब्द आहे, मांजर! आणि कोटिकला सुरक्षित किनाऱ्याची वाट दाखवतो तो सी काऊ हा प्राणी, ज्याचे वर्णन श्टेलरनेच केले होते आणि जो १७६८ पर्यंत, म्हणजे कथेच्या सव्वाशे वर्षे आधी, माणसाने मारून संपवला होता. नामशेष झालेल्याच्या मागोमाग सुरक्षिततेकडे जाणारी ही कथा आहे. किपलिंगला हे ठाऊक होते की नाही याने मला फरक पडत नाही. कथेत ते आहे. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. किपलिंग सीलांना बोलायला लावतो, माणसाळवतो, तरी त्याचे मानवीकरण उघड आहे. वाचक क्षणभरही विसरत नाही की सील असे बोलत नाहीत. मुख्यार्थाचा बाध पानोपानी जागा राहतो. बोलणाऱ्या सीलांच्या या कथेपेक्षा ‘हॅरेमचा सरासरी आकार’ सांगणारा तक्ता मला जास्त काल्पनिक वाटतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर दरबाराची जागा गोठ्याने घेतली. १९५६ ते १९६८ या काळात प्रिबिलोफवर सुमारे तीन लाख माद्या मुद्दाम मारण्यात आल्या. कळप फार मोठा झाला आहे, तो थोडा विरळ केला तर उरलेल्या माद्या अधिक विणतील, पिल्ले अधिक जगतील आणि कातडी अधिक मिळतील, असा अंदाज होता. अंदाज फसला. पिल्लांची संख्या घटली आणि अपेक्षेप्रमाणे भरून आली नाही. सेंट जॉर्ज बेटावरची व्यापारी कत्तल १९७३ मध्ये आणि सेंट पॉलवरची १९८४ मध्ये बंद झाली. तरीही १९९८ नंतर सेंट पॉलवर जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या उतरतच गेली. अन्नाची टंचाई, व्यापारी मासेमारी, शिकारी ओर्का, जाळ्यांचे तुकडे यांपैकी कशाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

आणि दरबाराच्या या चित्रात कातडी सोलणारे हात कुठे होते? उनंगन लोकांच्या बाबतीत लिहिताना माझा आवाज थोडा चढतो. पिढ्यान्‌पिढ्या सरकारी देखरेखीखाली ही माणसे कातड्याच्या धंद्यावर बांधलेली होती. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४२ मध्ये, त्यांना बेटांवरून उचलून आग्नेय अलास्कातल्या फंटर बे येथल्या पडक्या इमारतींत ठेवले गेले. तिथे रोगराईने अनेक जण दगावले. १९४३ मध्ये त्यांच्यातल्या पुरुषांना परत नेण्यात आले ते घरी पोचवण्यासाठी नाही, हंगामाचे सील मारण्यासाठी. त्यांच्या भाषेत या प्राण्याला स्वतःचा जुना शब्द आहे, ‘लाकुदाख’. त्यात गाय नाही, बैल नाही, राजा नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत काही संशोधकांनी हद्दीतल्या मादीकडे पाहण्याची दिशाच बदलली. दक्षिण गोलार्धात, दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड बेटावर, अंटार्क्टिक फर सीलांचा अभ्यास करणाऱ्या जोसेफ हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की माद्या आपल्या जागेवरून तीस-पस्तीस मीटरपर्यंत चालत जाऊन दूरच्या नराची निवड करतात, आणि निवडलेला नर आनुवंशिकदृष्ट्या वैविध्याचा व नात्याने लांबचा असतो. माणसाला हे अंतर क्षुल्लक वाटेल. चावऱ्या नरांच्या हद्दींतून जाणाऱ्या मादीला नाही. ही जात वेगळी, त्यामुळे हा निष्कर्ष उत्तरेकडच्या जातीवर जसाच्या तसा लादता येत नाही. पण हॅरेम हा शब्द दोन्हीकडे सारखाच वापरला जात होता, आणि त्या शब्दात मादीच्या निवडीला प्रश्न म्हणूनही जागा नव्हती. पितृत्व तपासून पाहावे असे वाटायला आधी शब्दावर संशय यावा लागतो.

‘हद्द’ हेही रूपकच, असा आक्षेप येईल, आणि तो खराच आहे. सातबाऱ्यावर नाव असल्यासारखे आपण नराच्या हद्दीविषयी बोलतो. रूपकाशिवाय शास्त्र लिहिता येईल असा माझा दावा नाही. पण हद्दीची रेषा मोजून पाहता येते, ती कधी मोडते हे टिपता येते. म्हणजे त्या शब्दातला बाध अजून जागा आहे. अंतःपुर मात्र तपासायला कुणी जात नाही. ते आपल्याला आधीच माहीत असते, ऐतिहासिक कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून. म्हणूनच मराठीत हा शब्द इंग्रजीपेक्षा अधिक घातक आहे. इंग्रजीत तो परका शब्द होता, थोडा तरी खुपत असेल; आपल्याकडे तो घरचा वाटतो.

तेव्हा मराठीत या प्राण्याविषयी लिहिणाऱ्यांनी, पाठ्यपुस्तकांच्या आणि माहितीपटांच्या भाषांतरकारांनी, निदान एवढे करावे : ‘नराच्या हद्दीतल्या माद्या’ असे चार शब्द खर्ची घालावेत. विणीच्या जागेला ‘विणीची जागा’च म्हणावे, ‘वीण’ आपल्याकडे आहे, पक्षिनिरीक्षकांनी ती वापरून घासूनपुसून ठेवली आहे. आणि मादीच्या समुद्रातल्या ये-जा करण्याला एक चांगला शब्द हवा. मला ‘खेप’ सुचतो. पाण्याची खेप, गवताच्या भाऱ्याची खेप : ओझे आणणाऱ्या बाईच्या तोंडचा हा शब्द आहे. उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत सीलची मादी अशा दहा-बारा खेपा करते. प्रत्येक खेपेनंतर ती हजारो पिल्लांच्या गलक्यात उभी राहून हाक देते, आणि त्यातले एकच पिल्लू ओ देत पुढे येते. स्टीफन इन्स्ले यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आईला पिल्लाचा आणि पिल्लाला आईचा आवाज चार वर्षांनंतरही ओळखू आला होता. तोवर ते पिल्लू पावणेदोन वर्षे समुद्रात एकटे राहून परतलेले असते, आणि आईने दरम्यान आणखी पिल्ले वाढवलेली असतात.